लाइट गेली, रेघ थांबली नाही

९ एप्रिल, गुरुवार

दुपारी सव्वादोनला कॉलेजच्या लॅबमधली लाइट गेली. पंखा थांबला, एसी थांबला, निधीचा निळा दिवा विझला. मशीन तेवढं बॅटरीवर चालू राहिलं. मी उठून खिडकी उघडली, शर्टाची वरची दोन बटणं सोडली, परत येऊन स्टुलावर बसलो आणि सहज पडद्याकडे पाहिलं.

रेघ उतरतच होती!

वेड्यासारखा बघत राहिलो. ही रेघ म्हणजे कुपीतल्या पाण्यात विष किती उरलं त्याचं माप. निळा दिवा पडला की निधीची पिवळी पावडर जागी होते आणि विष तोडते — पोरीचा चार वर्षांचा प्रबंध एवढ्या एका वाक्यावर उभा आहे. दिवा नाही तर पावडर झोपलेली, पावडर झोपलेली तर रेघ आडवी. माझ्यासारख्या बारावी पास टेक्निशियनलाही एवढं कळतं. आणि इथं पस्तीस मिनिटं दिवा बंद, तरी रेघ त्याच उतारानं खाली. जरासुद्धा अडखळली नाही.

लाइट आली तेव्हा निधी कँटीनमधून परतली. "काका, रन ख़राब हो गया क्या?" तिचं घर मराठी, बापाची नोकरी रेल्वेत, पण उत्तर कायम हिंदीतून. मी म्हणालो, "हो, लाइट गेली होती ना. पुसून टाकतो."

पुसली नाही. पेनड्राइव्हवर घेऊन खिशात टाकली. का लपवली, माझं मलाच ठाऊक नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

डोकं ठिकाणावर नाही. निधीचे गाइड चंद्राकर सर, त्यांच्या चहात साखरेऐवजी प्रयोगशाळेतलं मीठ जाता जाता राहिलं.

११ एप्रिल, शनिवार

आज सुट्टी. किल्ली माझ्याकडेच असते. अंजनाला सांगितलं, मशीनची सफाई आहे. निवृत्तीला वीस दिवस उरलेला माणूस सुट्टीच्या दिवशी सफाईला जातो, यावर बायकोनं विश्वास ठेवला! की ठेवला नाही, तिलाच माहीत.

कुपीत नुसतं विषाचं पाणी घेतलं. पावडर नाही. निळा दिवा नाही. खिडक्यांना काळे पडदे. मशीनचं शटर उघडं ठेवलं, म्हणजे मशीनचा स्वतःचा उजेड पाण्यातून सारखा जात राहिला. तीन तासांत रेघ अर्ध्याच्या खाली.

मग दुसरी कुपी. तसंच पाणी, तेच तीन तास. फक्त शटर बंद. दर अर्ध्या तासानं दहा सेकंद उघडायचं, बघायचं, बंद करायचं. रेघ जागची हलली नाही.

संपलं. पावडर काहीच करत नाही. काम करतो तो बघायला लावलेला दिवा.

जुन्या मशीनवर माझी उभी हयात गेली. ते पाण्यात एका वेळी एकाच रंगाची बारीक तिरीप सोडायचं. मुंगीलासुद्धा चटका बसला नसता. नवं मशीन अख्खा दिवा पाण्यावर ओततं आणि रंग नंतर पलीकडे वेगळे करतं. म्हणून तर ते दर दोन सेकंदाला सगळं सांगतं, डोळ्यांदेखत! पण त्या दिव्यात न दिसणारा जळजळीत उजेडही असतो. उन्हात तो तसा नसतो. तोच विष जाळत होता, आणि शाबासकी पावडरला मिळत होती.

मग चार वर्षं कळलं कसं नाही? माझ्यामुळे!

पहिल्या वर्षी निधीनं विचारलं होतं, "काका, डार्क रन में शटर खुला रखूँ क्या?" डार्क रन म्हणजे पडताळा. दिवा न लावता करायचा, म्हणजे कळतं की काम दिव्यानंच होतं. मी हसलो होतो तिला. "अवो पोट्टे, अंधार म्हणजे अंधार! शटर बी बंद कर. अर्ध्या घंट्यानं उघड, दहा सेकंद पाह्य, झालं. ज्याच्यात काही होणार नाही त्याले काय पाहत बसतं?" खऱ्या रनला शटर सतत उघडं, पडताळ्याला बंद. सगळे पडताळे असेच केले तिनं, पावडर न घालता केलेलेसुद्धा. तिची वही कपाटात होती ती काढून पाहिली. पहिल्या पानावर, इंग्रजीच्या गर्दीत, एकच ओळ मराठी: 'अंधार म्हणजे अंधार — मेश्राम काका.'

वही होती तशी ठेवली.

१२ एप्रिल, रविवार

प्रबंध चुकला तर चुकला, दुरुस्त होईल. पण टाकी?

आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, माझ्या दारापासून चाळीस पावलांवर, निधीच्या पावडरीची टाकी उभी आहे. मीच आणली. रायपुरातल्या भनपुरीच्या या टोकाला एक बंद पडलेली फॅक्टरी आहे. शेतावर फवारायचं विष तिथं डब्यात भरायचे. इथले लोक त्याला 'दवाई' म्हणतात. मालक पळाला, पिंपं राहिली, गंजली, आणि दवाई जमिनीत उतरली. हातपंपाचं पाणी वास मारायला लागलं. महापालिकेनं पंपावर लाल फुली मारली, 'पीने योग्य नहीं' लिहिलं आणि टँकर सुरू केला. एक दिवसाआड, तोही भांडणासकट.

मग ऑक्टोबरात सर म्हणाले, कुठेतरी खरी टाकी लावून दाखवली पाहिजे. मी लगेच पुढे! सर, आमच्या पाऱ्यात लावा. काळी टाकी, तिच्यावर काचेचा चपटा डबा, आत पावडर लावलेली जाळी. पंपाचं पाणी वर चढतं, उन्हात जाळीवरून वाहतं, खाली नळाला येतं. पहिल्या आठवड्यात निधीनं तपासलं, विष जवळजवळ नाहीसं. आता कळतं का ते. नवी जाळी पहिले काही दिवस कोरड्या फडक्यासारखी सगळं ओढून घेते. पुढचं आम्ही तपासलंच नाही. मशीनवरच्या रेघेवरून गणित मांडलं आणि खुश झालो.

उद्घाटनाला पाऱ्यानं मला हार घातला. मी पहिला ग्लास प्यायलो. टाळ्या! दुसऱ्या दिवशी पालिकेची लाल फुली मीच निळ्या रंगानं पुसली, आणि वर माझ्या हातानं लिहिलं, 'पीने योग्य'. त्यातला 'नहीं' काढताना किती हौस वाटली होती. पंधरा दिवसांत टँकर बंद झाला.

सहा महिने एकतीस घरं ते पाणी पितात. आम्हीही पितो. अंजनाच माठ भरते, दुपारी, मी कॉलेजात असताना. आजही कमरेला मलम चोळत बसली होती. मी चिडवलं, "चाळीस पावलांवर नळ, अन् कंबर धरून राहिली! जवा टँकरच्या मागं धावत होती तवा नाही दुखली?"

"वय झालं," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी टाकीवरून बाटली भरून घ्यायला गेलो. बायकांची रांग. केवरा दीदी पुढेच, कडेवर तिची नात. बाटली घेऊन उभा राहिलो असतो तर विचारलं असतं, भैया, फिर से जाँच? काय सांगितलं असतं? तसाच मागे फिरलो आणि घरच्या माठातून भरून घेतली. पाणी तेच ना.

निधी ग्रंथालयात होती. पाणी विष धरून ठेवणाऱ्या नळीतून गाळून शंभरपट दाट केलं, शटर फक्त दहा सेकंद उघडलं.

साफ! पडद्यावर विषाचा उंचवटा नावालाही नाही. तीनदा केलं. तीनदा साफ!

म्हणजे उन्हात पावडर चालते! इथल्या निळ्या दिव्यात नसेल चालत, आमच्या रायपूरच्या उन्हात चालते. ऊन आहे की चेष्टा! प्रबंधात चूक आहे, पाण्यात नाही. निधीला सावकाश सांगू. घाई नाही.

इतका सुटलो की घरी जाताना अंजनाला गजरा घेतला. तिला वाटलं, निवृत्तीमुळे डोक्यावर परिणाम झाला.

१४ एप्रिल, मंगळवार

बाबासाहेबांची जयंती. विहाराच्या दारात आमचा शरबताचा स्टॉल, पाणी टाकीचं. मी स्वतः ओगराळं धरलं. मिरवणुकीतली पोरंटोरं, म्हातारी माणसं, ड्यूटीवरचे पोलीस — सगळ्यांना. मीही एक ग्लास रिचवला. अंजना सकाळपासून लिंबं पिळत होती. तिनं स्वतः घोटभरही घेतलं नाही, घसा धरलाय म्हणे. निळे झेंडे, डीजे, भाषणं. एका वक्त्यानं पाण्याच्या हक्काबद्दल बोलताना माझं नाव घेतलं. लाजलो. पण आवडलं.

१७ एप्रिल, शुक्रवार

निधीचा वायवा, प्रबंधाची तोंडी परीक्षा, ६ मेला. सर २९ तारखेला नवा रायपूरला, मंत्रालयात. आणखी बारा टाक्या मागणार आहेत, बारा पारे. सर मला म्हणाले, "मेश्राम जी, पहली टंकी के हीरो तो आप ही हैं."

संध्याकाळी केवरा दीदीची नात निपचित पडली होती. तीन वर्षांची पोर. "नोनी ला उल्टी होवत हे, भैया, आठ दिन ले." आठ दिवस उलट्या, डोळ्यांत पाणी, तोंडाला लाळ. डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं असेल. लागलंही असेल. या दिवसांत कोणाला लागत नाही?

घरचं पाणी साफ आहे. तीनदा पाहिलंय मी.

२० एप्रिल, सोमवार

नाही राहवलं. मंत्रालयात बारा टाक्या मागायला निघालेत आणि प्रबंधात भोक आहे हे मला एकट्याला माहीत! निधीला बसवलं, पेनड्राइव्ह लावला, लाइट गेली त्या दिवसाची रेघ दाखवली. मग शटरचं सांगितलं. मग 'अंधार म्हणजे अंधार'चं.

पोरगी ऐकत होती. रडेल वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "काका, आता मी काय करू?" चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

मी म्हणालो, "माझी चूक आहे, माय. सगळ्यांपुढं सांगतो मी."

"माझी पण आहे. मी विचारायला पाहिजे होतं — क्यों बंद?"

२१ एप्रिल, मंगळवार

निधीनं तिच्या हातानं शटर उघडं ठेवून डार्क रन केला. सकाळी दहा ते दुपारी एक. मी बाजूला बसून होतो. रेघ उतरली. ती वहीत वेळ लिहीत गेली, दर दहा मिनिटांनी. शेवटी वहीचं पहिलं पान उघडलं आणि माझी ती ओळ खोडली. एकच आडवी रेघ, रागानं नाही. चुकलेला आकडा खोडतात तशी.

२३ एप्रिल, गुरुवार

काल निधी एकटीच पाऱ्यात येऊन गेली. तिला कोणाची लाज! रांगेत उभी राहिली, टाकीच्या नळाखाली बाटली धरली, हातपंपाचीही एक भरली. आज दोन्ही तपासल्या.

टाकीतलं आणि पंपातलं पाणी एकसारखं. दोन्हीत विष. ऑक्टोबरात होतं तेवढंच.

खुर्ची सापडेना. निधी म्हणाली, "लेकिन काका, आपने तो कहा था घर का पानी साफ है?"

होतं ना! तीनदा पाहिलं होतं. मग एकच गोष्ट उरते: माठ. आमचा माठ गोल बाजारातून आणलेला, जाड, भरड मातीचा. ती मातीच विष ओढून घेत असणार. मी म्हणालो तिला. ती म्हणाली, "हो सकता है. पण कंट्रोल करायला पाहिजे, काका. टाकीचं पाणी आपण स्वतः माठात भरून. दो दिन रखके."

"करू, करू. सोमवारी करू." नोनीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता.

घरी जाताना केवरा दीदीच्या दारात थांबलो. टाकीबद्दल बोलायला जीभ उचलली नाही. एवढंच म्हणालो, पोरीला माठातलंच पाणी पाजा, दोन दिवस मुरलेलं. "हव भैया," म्हणाली. लगेच उठून तिनं कोपऱ्यातला जुना माठ घासायला घेतला.

२४ एप्रिल, शुक्रवार

सरांकडे गेलो, निधी आणि मी. सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते, मधून मोबाइल बघत.

मग म्हणाले, "शोधपत्र छप चुका है. दो साल हो गए. अब आपको शटर याद आ रहा है?"

मी टाकीच्या पाण्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा करून ठेवला. "एक सैंपल से कुछ नहीं होता. वायवा हो जाने दीजिए, उनतीस तारीख निकल जाने दीजिए. फिर देखेंगे."

"सर, लोक पिऊन राहिले ते!" रागात मराठीच आलं तोंडात.

"मेश्राम जी, चौंतीस साल बटन दबाया है आपने. छह दिन और दबा लीजिए. साइंस मुझे करने दीजिए."

मी काही बोलायच्या आत निधी म्हणाली, "सर, मैं वायवा नहीं दूँगी." हळू आवाजात, पण म्हणाली. सर तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे हात पसरला. किल्ली. चौंतीस वर्षं कमरेला होती. काढून दिली.

जिन्यात निधी खाली बसली. आता रडली. मी डोक्यावर हात ठेवला, पण काय उपयोग. चार वर्षं कुठून आणून देणार होतो तिला?

२५ एप्रिल, शनिवार

गोल बाजारातून लाल रंगाचा डबा आणला. छोटा. एक ब्रश.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी सातला पंपाशी गेलो. रांग लागलीच होती. कोणाला काही न बोलता 'पीने योग्य'च्या पुढे ब्रश टेकवला. 'नहीं' लिहिताना अनुस्वार जागेवर पडला नाही. मग टाकीवर फुली मारली, नळावर पोतं बांधलं.

मग एकदम कल्लोळ. काय झालं? कधीपासून? कोणी सांगितलं? मी सांगितलं की मशीन चुकीचं वापरलं. मी चुकलो. पाणी सुरुवातीपासूनच खराब आहे. एकीनं हातातली घागर माझ्या पायाशी आपटली. यशदीप, माझा पोरगा, नाइट ड्यूटीवरून प्लांटातून परतत होता. गाडी थांबवून मला हाताला धरून घरात घेऊन आला. "पापा, चलो." जणू मी पिऊन पडलो होतो.

२८ एप्रिल, मंगळवार

काल पालिकेत गेलो होतो. टँकरचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, कागदावर तुमचा पारा 'टाकी असलेला' आहे. टाकी खराब झाल्याचं कॉलेजकडून लेखी आणा. कॉलेज लेखी देईल! माझ्याकडे तर किल्लीसुद्धा नाही.

संध्याकाळी विहारात बैठक बसली. मला मधोमध बसवलं. वाटलं होतं शिव्या मिळतील, मिळायलाच हव्या होत्या. दोघांनी दिल्याही. मग केवरा दीदी उभी राहिली. नोनी तिच्या खांद्यावर, अजून मलूलच. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तहूं तो उही पानी पिये हस, भैया. तोर घर के मन घलो पिये हें. जान के जहर कोन पीथे?"

तूही तेच पाणी प्यायलास, तुझ्या घरचेही. जाणूनबुजून विष कोण पितं?

एकेकाचा चेहरा सैल पडत गेला. खरं आहे, खरं आहे. जिनं घागर आपटली होती तिचा नवराच माझ्याजवळ येऊन बसला. मी ढसाढसा रडलो. एकोणसाठ वर्षांचा बाप्या! पण तेवढ्यानं श्वास आला. चुकलो, पण त्यांच्याबरोबर चुकलो. त्यांच्या ताटातलंच माझ्या ताटात होतं.

प्रश्न उरला पाण्याचा. टँकर नाही, उन्हाळा असा. रेल्वे कॉलनीचा नळ आहे, पण ऑटोनं जावं लागतं, एकतीस घरांनी रोज कसं जायचं? पंपाशिवाय इलाज नाही. मग मी उठून माठाचं सांगितलं. आमच्या माठातलं पाणी मशीनवर पाहिलंय, साफ आहे. टँकर येईपर्यंत पंपाचं पाणी दोन दिवस माठात मुरवा, मग प्या. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दाला अजून किंमत आहे.

निधीला फोन केला होता. "कंट्रोल झाला काय, काका?" म्हणाली. म्हणालो, किल्ली नाही ना.

२९ एप्रिल, बुधवार

गोल बाजारातून एक छोटा हत्ती टेम्पो भरून माठ आले. वर्गणी काढून. केवरा दीदीनं सगळ्यात जाड माठ निवडला, नोनीसाठी.

सर आज नवा रायपूरला गेले असतील.

३० एप्रिल, गुरुवार

निवृत्त झालो. शाल, नारळ, फोटो. सरांनी भाषणात माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. निधी आली नाही. बरं केलं.

१ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. विहारात खीरदान. सकाळी बायका आमच्या अंगणात जमल्या होत्या. खिरीला पाणी कुठलं घ्यायचं? एक म्हणाली माठांतलं, एक म्हणाली सणाला नको. अंजना तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलून गेली, "मी आणतो ना, नेहमीच्या नळावरून."

बायका भांडी आणायला पांगल्या. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"नेहमीच्या म्हणजे?"

तिचे हात थांबले. मग सांगितलं. तिची बहीण राहते त्या रेल्वे कॉलनीचा नळ. ऑक्टोबरापासून. रोज दुपारी, ऑटोनं, पाच-पाच लिटरचे दोन कॅन. टाकीचं पाणी आमच्या माठात एकदाही पडलं नाही.

"पहिल्याच दिवशी वास आला मले. तोच, पहिलेसारखा."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तुमच्या गळ्यात हार होता ना, अवो."

सहा महिन्यांत मी त्या टाकीचे मोजून दोन ग्लास प्यायलो. एक हार घातला त्या दिवशी, एक जयंतीला.

पाऱ्यात आता घरोघरी माठ आहेत. मी सांगितलं म्हणून.